गेटपासवर नाव कुणाचं असतं?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला. "कामगार कायद्यांनी आपल्या उद्योगांचं वाटोळं केलं. आता चार लेबर कोड आलेत, आता तरी नकोशी माणसं काढता येतील." खाली धडाधड अंगठे. टाकणारा आपलाच वर्गमित्र, भोसरीत त्याची शेड आहे, तीसेक माणसं कामाला. ग्रुपवर कुणाच्या वाढदिवसाचे केक चालू होते, म्हणून तिथे गप्प बसले. पण डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितेय, लांबलचक होणार आहे.

मित्रा, माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागायची ती १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला. नव्या कोडने, म्हणजे केंद्राच्या नव्या एकत्रित कामगार कायद्याने, तो आकडा ३०० केला. तुझ्याकडे तीस. म्हणजे तुला ती परवानगी कधीच लागत नव्हती! तुला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने काय करायचं होतं, तर एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आजवर किती जणांच्या हातात ठेवलास? ज्या कायद्याचा जाच तुला कधी झालाच नाही, त्याच्या नावाने तू वर्षानुवर्षं गळा काढतोयस.

(हो, १९७६ साली ही परवानगीची अट आली तेव्हा आकडा ३००च होता, नंतर तो १०० वर आणला. माहीत आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.)

माझा दादा प्रेस शॉपला होता, म्हणजे मशीनवर पत्रा दाबायच्या कामाला. तुमच्यातले काही त्याला ओळखता. कंपनीचं नाव लिहीत नाही. शेड तीच, पॉवर प्रेस तोच, सुपरवायझरही तोच. बदलायचं ते फक्त गेटपासवरचं ठेकेदाराचं नाव. पिवळा पास जाऊन हिरवा यायचा, हिरवा जाऊन निळा. नवा ठेकेदार म्हणजे पुष्कळदा जुन्याचाच मेहुणा. आणि सात महिने होत आले की 'ब्रेक'. का, तर वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने हक्क सांगता येतो. ते भरूच द्यायचे नाहीत. गंमत अशी, की ब्रेकमध्ये ऑर्डर आली तर दादाला बोलावणं यायचं. तेव्हा हजेरी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागायची. प्रेस दादा चालवतोय आणि मस्टरवर भलताच माणूस हजर!

हे असं करणं बेकायदेशीर नाही असं वाटतंय का कुणाला? कायम न करण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवणं, ही अनुचित कामगार प्रथा आहे असं महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. कंत्राटी कामगारांसाठी वेगळा कायदा १९७० पासूनचा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, हेही त्यात होतं. होतं सगळं. दादाच्या गेटपाशी येऊन थांबायचं.

आता ग्रॅच्युइटी. दादाच्या वेळी १९७२ चा कायदा होता, त्यात सलग पाच वर्षं नोकरी लागायची. हिशेब सोपा आहे : शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा बेसिक आणि डीए मिळून १३,००० असेल, तर वर्षाला ७,५०० झाले. दहा वर्षांचे ७५,०००. मालकाच्या लेखी हे फार नाही, वहिनीच्या लेखी घरावरचा पत्रा नाही तर स्लॅब एवढा फरक आहे. दादाने काम सोडलं तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले होते. ऑफिसात सांगितलं, हे आमचे नाहीतच, ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडे यांची दोनच वर्षं आहेत. तोवरची सगळी वर्षं कुठे गेली, तर कुठेच नाही. पीएफचंही तसंच, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा एकच नंबर, येण्याआधी दर ठेकेदाराबरोबर नवा नंबर. काहींनी पगारातून कापलेले पैसे भरलेच नव्हते. दादा त्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि बाहेर पडताना त्या एचआरच्या पोराला "येतो साहेब" म्हणाला. साहेब! तो पोरगा जन्मला नसेल तेव्हापासून हा तिथे पत्रा दाबत होता.

आता १९८२ च्या गिरणी संपाचा विषय काढणार आहात ना? काढा. गिरणी कामगार देशोधडीला लागला, युनियनच्या काही पुढाऱ्यांनी स्वतःचीही घरं भरली, मान्य. इन्स्पेक्टर दिवाळीला पाकीट न्यायला येतो, तेही मान्य.

आणि तुझंही दुखणं मला कळतं रे. मोठ्या कंपन्या तुझी बिलं चार-चार महिने लटकवतात, आणि पगार मात्र तुला सात तारखेला करावे लागतात. बायकोचे दागिने गहाण ठेवून तू बोनस वाटलेला मला माहीत आहे. पण बघ, तुझ्यासाठीही कायदा आहे, २००६ चा. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे. मिळतात? तक्रार केलीस कधी? नाही करणार, कारण पुढची ऑर्डर जाईल. दादाही कधी तक्रार करायला गेला नाही, कारण पुढचा पास मिळणार नाही. तुम्हा दोघांची मान एकाच माणसाच्या हातात आहे, आणि तू दादाच्या अंगावर ओरडतोयस.

नव्या कोडमध्ये सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झाले, २९ जुने कायदे एकत्र केले. प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षातच ग्रॅच्युइटी, नोकरी गेली की दोन दिवसांत हिशेब चुकता. छान आहे. दादाच्या वेळी असतं तर कागदावर तरी शोभलं असतं.

पण त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत म्हणे, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल. संमती! दादाने कुठल्या कागदावर सही केली नाही? सुपरवायझर बोट ठेवायचा, हा त्या बोटाखाली सही करायचा. अकराव्या तासाला प्रेससमोर उभं राहून पाहिलंय का ही मर्यादा लिहिणाऱ्यांनी? हात आत जातो तो आळसाने नाही जात, डोळा लागतो म्हणून जातो. दादाच्या लाइनला बोटं गेलेली माणसं होती, त्यांना पुढे गेटवर बसवायचे. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडेंनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तिथेच बसून हे ठरलं.

"मग कायदा काय करणार?" असं विचारणारे आताच दिसतायत मला. माझं मागणं एवढंच. ज्याच्या शेडमध्ये माणूस राबतो, तो त्याचा मालक. पास कुठल्याही रंगाचा असो. ठेकेदार बदलला तरी वर्षं मोजत राहायची, आणि नाही मोजली तर ग्रॅच्युइटीचा दावा थेट कंपनीवर. हे एवढं एका ओळीत घाला, बाकी तुमचे २९ चे ४ करा नाही तर १ करा.

आणि हे फक्त भोसरीच्या शेडपुरतं नाही. आपल्या सोसायट्यांचे वॉचमन बारा-बारा तास बसतात. पैसे आपण एजन्सीला देतो, एजन्सी त्यांना किती देते हे कमिटीतल्या किती जणांनी विचारलंय? येत्या मीटिंगला मी विषय टाकलाय : एजन्सीने दर महिन्याला पीएफचं चलान आणि पगाराची पावती दाखवल्याशिवाय बिल पास करायचं नाही. सेक्रेटरी म्हणाले, एजन्सी रेट वाढवेल. वाढवू दे. मेंटेनन्स वाढला म्हणून ओरडणाऱ्यांची नावं मी इथेच टाकीन.