‘एकच वार केला तर खून होत नाही’ म्हणे!

‘वकील मित्राकडून’ असं शेपूट लावलेला मेसेज घरच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. आता कॉलेजातली भाचरंही तो एकमेकांना पाठवतायत, म्हणून लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो: तीनशे दोन रद्द झालं, इरादा नसेल आणि वार एकच असेल तर खून धरत नाहीत, रागाच्या भरात झालं तर सुटका, घरात शिरलेल्या चोराला ठार मारलं तरी केस होत नाही, सदोष मनुष्यवधाला लगेच जामीन मिळतो.

पहिला मुद्दा आकड्यापुरता खरा. १ जुलै २०२४ ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ३०२ च्या जागी १०३ आलं. शिक्षा तीच: फाशी किंवा जन्मठेप, वर दंड. त्याआधीच्या घटनेला आजही ३०२ च लागतं.

‘एकच वार’ हा मात्र शुद्ध खुळचटपणा, आणि जीवघेणा. खुनाची व्याख्या कलम १०१ मध्ये आहे (जुनं ३००). तिथे चार प्रकार दिलेत. जीव घ्यायचाच हेतू फक्त पहिल्यात लागतो. दुसऱ्यात, समोरचा आजारी आहे हे माहीत असून, त्याला झेपणार नाही अशी इजा मुद्दाम करणं येतं. चौथ्यात, कुणी ठरावीक माणूस डोळ्यासमोर नसताना गर्दीत गोळी झाडण्यासारखी कृत्यं. एका वाराची प्रकरणं सहसा तिसऱ्यात बसतात: जी इजा करायची होती, ती निसर्गक्रमाने मरण यायला पुरेशी असणं.

या तिसऱ्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा निकाल आहे, विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य. न्या. विवियन बोस यांनी लिहिलेला. भाल्याचा एकच घाव, पोटात. आतडी बाहेर आली, माणूस दुसऱ्या दिवशी गेला. बचाव हाच की ठार मारायचं नव्हतं. कोर्टाने म्हटलं, ते बघायचंच नाही; ती जखम मुद्दाम केली की चुकून झाली, एवढं बघा. मुद्दाम केली असेल, तर ती मरणाला पुरेशी होती का हा वैद्यकीय प्रश्न. आरोपीला ते ठाऊक असण्याची गरज नाही. खून कायम. वार मोजत कुणी बसलं नाही.

आरोप खुनावरून सदोष मनुष्यवधावर (जीव घेतला, पण कायद्याच्या व्याख्येत खून बसत नाही) खाली येतो तो वेगळ्या कारणांनी. सरकारी वकील साक्ष घेताना डॉक्टरांना ‘ही जखम मृत्यूला पुरेशी होती का’ हे विचारायचंच विसरतात, शवविच्छेदन अहवालात जखमेची खोली नसते, किंवा अचानक उसळलेल्या भांडणात, आधी काही न ठरवता, हाताशी आलेली वस्तू फेकून मारलेली असते. मेसेजला कुठेतरी हेच अर्धवट ऐकू आलं असावं.

रागाचं म्हणाल तर चिथावणी हा खुनाच्या व्याख्येतला अपवाद आहे, पण तो लागला तरी सुटका नाही, खुनाचा सदोष मनुष्यवध होतो इतकंच. आणि ती चिथावणी गंभीरही हवी आणि अचानकही. नानावटी खटल्यात (१९६१; नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला मारल्याचा) आरोपीने दुपारी दीडला घर सोडल्यापासून चारवीसला गोळ्या झाडेपर्यंत मध्ये जवळपास तीन तास गेले होते, रिव्हॉल्व्हर मिळवलेलं होतं. अपवाद मिळाला नाही, जन्मठेप कायम झाली.

चोराबद्दल थोडं मान्य करावं लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय यात घर फोडून शिरलेल्यावर बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो, असं कलम ४१ म्हणतं. पण कलम ३७ ची लगाम आहेच: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा नाही. पकडून खांबाला बांधलेला चोर मारहाणीत मेला, तर तो बचाव नव्हे. आणि ‘केस होत नाही’ हे तर साफ खोटं. गुन्हा नोंदतात, आणि बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते.

जामिनाचा घोळ दोन कलमांच्या सरमिसळीतून झालाय. हयगयीने मृत्यू, कलम १०६(१), जुनं ३०४-अ, जामीनपात्र, पाच वर्षांपर्यंत कैद. सदोष मनुष्यवध, कलम १०५, जुनं ३०४, अजामीनपात्र. हेतू असेल तर जन्मठेपेपर्यंत, मरण येऊ शकतं याची नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत, आणि खटला सेशन्स कोर्टात.