स्वस्त खोली शोधताना दराआधी तास विचारावेत

कमी पैशांत मुक्काम करायचा असला की आजकाल बहुतेक जण मोबाईलवर दरांची क्रमवारी लावतात आणि सर्वांत स्वस्त दिसेल ती खोली आरक्षित करून मोकळे होतात. खानदेशात ही पद्धत मला अपुरी वाटते. जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबार येथे स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास जी साधी, जुनी लॉज आहेत, त्यांतली कित्येक ॲपवर नसतातच, आणि जी असतात त्यांचा काउंटरवरचा दर पुष्कळदा वेगळा असतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की खोलीचा दर विचारण्याआधी चेकआउटची वेळ विचारावी. काही लॉजमध्ये दुपारी 12 वाजता खोली सोडावी लागते, तर काही ठिकाणी आपण ज्या वेळी शिरलो तिथपासून पूर्ण 24 तास मोजले जातात. भुसावळला रात्री दीडच्या गाडीने उतरलेल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी धरायची असलेल्या माणसाला पहिल्या पद्धतीत साडेदहा तासांसाठी संपूर्ण दिवसाचे भाडे पडते आणि वर दुपारभर सामान घेऊन फिरावे लागते. अशा वेळी 24 तासांची 700 रुपयांची खोली 500 रुपयांच्या खोलीपेक्षा स्वस्त ठरते. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल, तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचाही आधी विचार करावा. तिथे बहुधा 12 किंवा 24 तासांच्या हिशेबाने खोली मिळते आणि रात्री-अपरात्रीच्या रिक्षाचे पैसे वाचतात.

कराचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झालेला आहे, त्यामुळे जुन्या दराने बिल कोणी पुढे केले तर शांतपणे विचारावे. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या लहान लॉजला सहसा जीएसटीची नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्या मालकाला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. मात्र त्याच लॉजची खोली ॲपवरून घेतली, तर कर भरण्याची जबाबदारी ॲपवर येते आणि तो बिलात लागतो. म्हणूनच लॉजचा नंबर मिळवून थेट फोन करण्यात हित आहे.

खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, ही गोष्ट आपल्याकडे उन्हाळ्यात विशेष महत्त्वाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा सर्वांत वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची खोली मध्यरात्र उलटली तरी निवत नाही. एसीचा खर्च झेपत नसेल तर खालच्या मजल्यावरची कूलरची खोली मागावी. परंतु कूलर खिडकीत बसवलेला आहे की बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला आहे, हे डोळ्यांनी पाहावे, कारण बाहेरची हवा न घेणारा कूलर तासाभरात खोली दमट करून टाकतो. नळाला पाणी किती वाजता येते, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी लेण्यांजवळच्या फर्दापूर गावीच राहिले पाहिजे असे नाही. जळगावहून लेणी साधारण 60 किलोमीटरवर आहेत, एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते आणि जळगावात लॉजची निवड अधिक असते. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे रविवारी रात्रीचा मुक्काम ठरवताना तेवढे ध्यानात ठेवावे. महामार्गावरच्या ढाब्यांना जोडलेल्या खोल्या मला फक्त स्वतःचे वाहन असलेल्यांसाठी योग्य वाटतात.

एकट्या प्रवास करणाऱ्या बहिणींच्या बाबतीत मी काटकसरीचा आग्रह धरणार नाही. दाराची आतली कडी भक्कम नसेल किंवा काउंटरवरचा माणूस नको तितक्या चौकश्या करत असेल, तर 200-300 रुपये जास्त मोजून दुसरीकडे जावे. ओळखपत्राची प्रत मागितली, तर शेवटचे 4 अंकच दिसणारे मास्क्ड आधार द्यावे.

शेगावच्या भक्तनिवासांत आपण सर्वांनी पाहिलेले आहे की अल्प दरात स्वच्छ चादर, पाणी आणि शिस्त देता येते. मग हे फक्त देवस्थानांनीच का करावे? एसटीत 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत आणि महिलांना मार्च 2023 पासून निम्म्या तिकिटात प्रवास आहे. प्रवास इतका स्वस्त झाल्यावर दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या माणसाचा मोठा खर्च आता रात्रीच्या मुक्कामाचाच उरतो, आणि तो टाळण्यासाठी माणसे स्टँडच्या बाकांवर रात्र काढतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या स्टँडवर महामंडळाने सशुल्क डॉर्मिटरी सुरू करावी, असे मला फार मनापासून वाटते. खाट, कुलुपाचा कप्पा, आंघोळीची सोय, महिलांसाठी स्वतंत्र दालन आणि दाराशी ठळक अक्षरांत दरफलक, एवढे असले तरी पुरे आहे. आपल्या तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींकडे ही मागणी लेखी स्वरूपात करायला जे तयार असतील, त्यांनी खाली तालुक्याचे नाव लिहावे. निवेदनाचा मसुदा मी तयार करतो.