मत देणारा गावात नाही, तर टक्का वाढणार कुठून?

निवडणूक झाली की दोन दिवसांत सुरू होतं. "ग्रामीण भागात निरुत्साह", "लोकांना मताची किंमतच नाही". आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांबद्दल हे ऐकलं की मला राग येतो. कारण हेच गाव ग्रामपंचायतीला ऐंशी टक्क्यांच्या वर मतदान करतं. तेव्हा हा निरुत्साह कुठे जातो?

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. दोन पॅनल असतात, आणि एकाच पॅनलमध्ये कमळवाला, पंजावाला, निळ्या झेंड्याचा असे सगळे सापडतात. गट महत्त्वाचा, पक्ष नंतर. सरपंच दहा-वीस मतांनी पडू शकतो, म्हणून प्रत्येक मताचा हिशेब असतो. पॅनलवाले चाकण, रांजणगाव, पुण्याला गाड्या पाठवतात, रात्रभर प्रवास करून पोरं येतात, बोटाला शाई लावून परत जातात. विधानसभा-लोकसभेला ही गाडी येत नाही. लाखांच्या गणितात आमच्या गावच्या पोरांना कोण मोजतो?

20 नोव्हेंबर 2024 ला मी शाळेपासून लांब, पक्षाच्या टेबलाजवळ बराच वेळ उभा होतो. दुपारी दोन वाजता टेबलावरचा पोरगा मतदार यादीवर पट्टी ठेवून एकेक नाव वाचत होता. झालेल्या मतावर टिक मारायची, राहिलेल्याकडे माणूस पाठवायचा. पण तो माणूस पाठवतच नव्हता. नाव वाचायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "हा चाकणले. हा पुण्याले. हे दोघं नवराबायको ऊसतोडीले. हा सुरतले." पानाच्या पानं तशीच. वय पाहिलं तर बहुतेक वीस ते पस्तीसमधली. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "दादा, आता कोणाले बलावू? जे गावात होते ते तं सारे देऊन गेले."

ज्याला आपण कमी मतदान म्हणतो ते खरं तर हे आहे.

ऊसतोडीचंच घ्या. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरून दरवर्षी जोडपी जातात. त्या वर्षी गाळप 15 नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं आणि मतदान 20 ला. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस पाच दिवस थांबेल का? इकडे गावात राहिलेल्या बाया कापूस वेचायला. वेचणी किलोवर असते, जेवढं वेचलं तेवढे पैसे. एक वहिनी मला म्हणाल्या, "पऱ्हाटी फुटून हाय भाऊ, रांगेत उभी रायली तं अर्धा रोज बुडते." मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, पण वावरात ती कोण देणार? तरी त्या आल्या. राज्यात 2019 ला 61 टक्क्यांच्या आसपास असलेलं मतदान 2024 ला 66 वर गेलं, त्यात अशा बायांचा मोठा वाटा आहे, असं माझं मत आहे.

आणि म्हणून त्यांना "लाडकी बहीण योजनेच्या पंधराशे रुपयांत विकल्या गेल्या" म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. विदर्भ आंधळेपणानं मत देत नाही. 1977 ला देशभर काँग्रेस पडली तेव्हाही इथल्या बहुतेक जागा तिच्याकडेच राहिल्या. 2024 च्या लोकसभेला याच विदर्भानं दहापैकी सात जागा विरोधकांना दिल्या आणि सात महिन्यांत विधानसभेला कौल उलटा फिरवला. तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 होता, बाजार समितीत मिळत होते चार हजाराच्या आसपास. प्रचारात एक बाजू 6000 म्हणाली, दुसरी 7000. दोन्ही आकडे कागदावर. खात्यात आले ते पंधराशेच. घर चालवणारी बाई त्यावर विचार करणार नाही तर काय करेल? तिचा निर्णय मला पटला नसेल, पण तो तिनं विचार करून घेतला.

माझी खरी चिंता वेगळी आहे. भावाचा, नोकरीचा, शेती सोडावी लागल्याचा राग ज्यांना सगळ्यात जास्त आहे, ती पोरंच मोजली जात नाहीत. गावाचा कल म्हणून जो आकडा दिसतो, तो मागे राहिलेल्यांचा कल असतो.

यावर शहरातले मित्र सांगतात, "तिकडेच नाव नोंदवून घ्या." तिकडे म्हणजे कुठे? ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत पाच जण राहतात, पत्त्याचा पुरावा कोण देतो? शिवाय विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची यादी बनते. इथलं नाव कापलं की गावातला हक्क गेला. घर इथे, आई-बाप इथे, सातबारा इथे.

उपाय सुचलेच नाहीत असंही नाही. निवडणूक आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली, एकाच यंत्रावर 72 मतदारसंघ घेण्याची सोय सांगितली. जानेवारी 2023 मध्ये पक्षांना बोलावलं, अनेक पक्षांनी विरोध केला आणि विषय मागे पडला. त्यांच्या शंका खोट्या नव्हत्या, यंत्रावर विश्वास बसायलाच हवा. पण मग टपाली मत तरी द्या. सैनिकाला मिळतं, निवडणुकीच्या ड्युटीवरच्या शिक्षकाला मिळतं, 85 वर्षांच्या आजोबांच्या घरी पेटी येते. ऊसतोड कामगाराला का नाही?

आम्ही काही जण तालुक्यातल्या गावांची बूथनिहाय यादी करतो आहोत, किती मतदार कामासाठी बाहेर आहेत आणि कुठे आहेत याची. नावं जाहीर करणार नाही, फक्त आकडे. ते तहसीलदारांना आणि सगळ्या पक्षांच्या तालुकाध्यक्षांना देणार आहोत. तुमच्या गावातले कोणी हे काम करायला तयार असतील तर मेसेज करा. बीएलओ (गावची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) आणि अंगणवाडीताई सोबत असल्या तर एका संध्याकाळी वॉर्ड होतो.