वाघासाठी वर्गणी कशी काढावी

नागपुरात पारा ४२ च्या वर गेला, कूलरची खस बदलून झाली, की लोकांना जंगलातल्या वाघाची तहान आठवते. परवा एका ग्रुपवर नागपूरजवळच्या अभयारण्यासाठी क्यूआर कोड आला. 'उमरेड-कऱ्हांडल्याचा वाघ वाचवा', शेवटी सात जोडलेले हात आणि वर वाघाचा देखणा फोटो. वाघाच्या पायाखाली बर्फ. उमरेडात बर्फ रसवंतीवर तेवढा मिळतो, पण भावना महत्त्वाची. पैसे धो धो आले. एकाने विचारलं, पावती मिळेल का हो? त्याला ग्रुपमधून काढलं. काढलेला माणूस आता हा लेख लिहितोय, सध्या त्याला वेळच वेळ आहे.

तर राजेहो, तुम्हालाही मोबाइलवरून जंगल वाचवायचं असेल तर जाणत्यांचं हे तंत्र नीट समजून घ्या.

प्राणी निवडताना तोंड पाहा. वाघ सर्वोत्तम, त्यातही बछड्यांसह वाघीण. बिबट चालेल, पण त्याने आठवडाभरात कुणाची बकरी नेलेली नसावी. रानपिंगळ्याच्या नादी लागू नका. हा पक्षी ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता, १९९७ मध्ये सातपुड्यात पुन्हा सापडला, मेळघाटात आजही आहे, पण दिसायला घुबड, त्यामुळे लाइक अकरा. गोंदियाकडचा सारसही नको. तो धानाच्या बांधीत घरटं करतो. मग ज्याची बांधी त्या शेतकऱ्याला घरट्याभोवतीचा तुकडा पिल्लं निघेपर्यंत राहू दे म्हणावं लागतं, त्या तुकड्यातलं धान किती किलो, त्याचे पैसे किती, हे त्याच्या ओसरीवर बसून ठरवावं लागतं. दोन-चार हजारांत मिटणारं काम. एवढ्याशा रकमेसाठी कुणी ग्रुप काढतं का?

खातं स्वतःचंच द्या. संस्थेचं खातं म्हटलं की ठराव, दोन सह्या, ऑडिट. गणपती मंडळाची पोरंसुद्धा वर्गणीआधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढतात, पण ती पोरं आहेत, तुम्ही निसर्गसेवक. परक्या लोकांकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर पैसे आले की आयकराच्या लेखी ती सगळीच रक्कम तुमची कमाई ठरते. हे देणाऱ्यांना सांगू नका, स्वतःही विसरा.

'८०जी मिळेल', म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळेल, असं मात्र ठोकून द्या. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागते, २ हजारांवरची रोख चालत नाही, वस्तू दिल्या तर सूट नाही, नवी करप्रणाली घेतलेल्याला मुळातच नाही, आणि संस्थेने विवरण भरल्यावर निघणारं टेन-बीई प्रमाणपत्र हातात नसेल तर सीए हात वर करतो. हे सगळं जुलैत कळतं. वर्गणी एप्रिलमध्ये निघते.

'शंभर टक्के रक्कम थेट वाघाला' असं लिहा. वाघाचं जनधन खातं कोणत्या शाखेत आहे ते कुणी विचारत नाही.

न्यू जर्सीच्या भाच्याला विसरू नका. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत तो पैसे पाठवत असेल, तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड असूनही तो परदेशी स्रोत. मग परदेशी देणगी घ्यायला लागणारी एफसीआरए नोंदणी आली. ती मिळवायला संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी, तेवढ्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत, आणि डॉलर आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच उतरणार. मोठ्या संस्थेच्या नावावर घेऊन गावच्या मंडळाला देऊ, हा जुगाडही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. एवढं सगळं करण्यापेक्षा मामाच्या बचत खात्यात टाक म्हणा.

आफ्रिकेतल्या लोकांची नक्कल करू नका. केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात सुदान नावाचा उत्तरी पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर होता. २०१७ मध्ये त्याला चक्क टिंडरवर, म्हणजे पोरंपोरी जिथे जोडीदार शोधतात तिथे, बसवलं. जगभरातून झुंबड उडाली. पण त्या मंडळींनी एक घोटाळा केला. पैसा गेंड्यांच्या कृत्रिम गर्भधारणेच्या संशोधनाला हवा आहे, हे त्यांनी आधीच लिहून टाकलं. मार्च २०१८ मध्ये सुदान गेला, तरी नाजिन आणि फातू या दोन माद्या मागे उरल्या आणि काम थांबलं नाही. आपल्याकडे वाघ मेला की काळा डीपी लागतो आणि आठवडाभरात नव्या वाघाचा नवा ग्रुप निघतो.

वस्तू वाटा, फोटो चांगले येतात. वनरक्षकांना बूट द्यायचे तर मापं विचारू नका, सगळे ९ नंबरचे घ्या, घाऊक भावात पडतात. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपसूक फोटो काढणारा कॅमेरा, द्यायचा तर एकच द्या. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, नाहीतर एकाच वाघाचे दोन वाघ मोजले जातात. पण तुम्हाला वाघ मोजायचेत कुठे, तुम्हाला रिबीन कापायचीय. सेल, मेमरी कार्ड, साखळी-कुलूप आणि वनविभागाची परवानगी ही वनरक्षक बघून घेईल.

पाणवठा बांधायचा तर उभ्या भिंतींचं चौकोनी टाकं बांधा, म्हणजे त्यावर नावाची पाटी नीट बसते. एका बाजूला उतार ठेवला तर मुंगूस, ससा, सरडा पडला तरी चढून येतो. पण उतारावर पाटी बसत नाही ना.

वाघाचा फोटो टाकताना लोकेशन चालू ठेवा, शिकाऱ्यांनाही इंटरनेट परवडतं.

विहिरीच्या कठड्याला पैसे मागताना आकडा सांगू नका. 'बिबट विहिरीत पडला' एवढं पुरतं. दोराने सोडलेल्या खाटेवर भिजून बसलेला बिबट, वर काठावर अख्खं गाव, हा फोटो कायम चालतो. नाहीतर कुणीतरी हिशेब मांडेल की ६ मीटर व्यासाच्या विहिरीला १.२ मीटर उंच, नऊ इंची कठडा घालायचा तर पावणेतीन हजारांच्या आसपास विटा लागतात, सहा-सात पोती सिमेंट जोडाईला, गिलावा वेगळा, आणि काठ ढासळतो म्हणून पाया मागे सरकवून खोदावा लागतो. एवढं कळलं की लोक विचारतील, जमलेल्या तीन लाखांत किती विहिरी झाल्या? चांगल्या चाललेल्या ग्रुपमध्ये असले प्रश्न शोभत नाहीत.

आता सगळ्यात लाडका प्रकल्प, सौर कुंपण. आपल्या भाषेत झटका मशीन. यात लोकार्पण आहे, फीत आहे, शेतकऱ्याच्या हातात रिमोटसारखं काहीतरी देऊन काढलेला फोटो आहे. मशीन, १२ व्होल्टची बॅटरी, पॅनेल, तार, खांब, इन्सुलेटर आणि जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळया, एवढाच पसारा. तारेतून सेकंदाला साधारण एक झटका जातो, काही हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा. रानडुकराला दणका बसतो, ते पळतं, मरत नाही. दोन झटक्यांच्या मधे स्नायूला सुटायला वेळ मिळतो, तीच सगळी गंमत आहे. बसवून द्या, टाळ्या घ्या, तर्री-पोहे खा, परत या.

पुढे काय होतं ते पाहायला जाऊ नका. श्रावण-भादव्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकतं, वीज गवतातून जमिनीत जाते, झटक्याचा जोर जातो, बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही. पॅनेलवर धूळ बसते. हिवाळा सरताना काळी माती भेगाळून सळयांपासून सुटते, अर्थिंग गेलं, तारेला हात लावला तरी काही होत नाही. सळयांच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं असतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. दोन-तीन वर्षांत बॅटरीच बसते. नवी कोण देणार? तुमच्या ग्रुपचं नाव तोवर बदललेलं असतं. शेतकऱ्याचा हरभरा तुरीच्या बाजूला उभा आहे, रोज रात्री डुकरं येतात, चार एकर लोळवून जातात. जागलीला जावं तर बांधावर वाघाचा माग. मग तो काय करतो? तीच तार, तेच खांब, तुम्हीच लावून दिलेले. तो वरच्या लाइनवर आकडा टाकतो आणि तारेत थेट करंट सोडतो. हा करंट सुटत नाही. धरला की धरलाच. डुक्कर मरतं, कधी शेजारचा माणूस मरतो, आणि ज्या वाघासाठी तुम्ही वर्गणी काढली होती तो तिथे सकाळी पडलेला असतो.

जय वाघ आठवतो ना? २०१३ मध्ये नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला, ज्याच्यासाठी लोक जिप्स्या धरून बसायचे? तो २०१६ पासून बेपत्ता झाला तेव्हा होमहवन झाले, पोस्टी झाल्या. त्याचाच पोरगा श्रीनिवास, २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या तारेतल्या करंटने गेला. त्या एका तारेसाठी कुणी ग्रुप काढला होता? महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ ला ४४४ झाले. वाढलेले वाघ सफारीच्या गेटमागे बसून राहत नाहीत, ते ब्रह्मपुरीकडे बांध्यांच्या कडेने फिरतात, एका जंगलातून दुसऱ्यात जातात, आणि मधे शेतं आहेत. शेतात तार आहे. तारेत काय सोडलंय यावर वाघ जगतो की मरतो ते ठरतं, आणि तुम्ही मला बर्फातल्या वाघाचा फोटो दाखवून पाचशे रुपये मागता!

झालं, उपरोध गेला खड्ड्यात. सरळ बोलतो.

लोक पैसे देतात, ते खरे असतात. सीताबर्डीतला दुकानदार, शाळेतली मास्तरीण, पेन्शनर काका, सगळे मनापासून देतात. त्यांच्या पैशाशी तुम्ही काय खेळ लावलाय? पैसे मागण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जाऊन काय हवंय ते विचारायला काय झालं? यादी मिळते. त्या यादीत टॉर्चचे सेल असतात, कॅम्पवर प्यायच्या पाण्याचा फिल्टर असतो, वाघ गावात आला की गर्दी आवरणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या गावातल्या पोरांना रेनकोट असतात. त्यात कुठेही फ्लेक्स नसतो. स्वतःच्या संस्थेची नोंदणी नसेल तर दुसऱ्याच्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे घ्या. नाहीतर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान असतं, २००६ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच तरतूद आहे, तिथे द्या आणि पावती घ्या. कुंपण देणार असाल तर दहा मशीन देऊ नका, सहाच द्या आणि उरलेल्या पैशात तीन वर्षांनी लागणाऱ्या बॅटऱ्या, गवत कापायची मजुरी आणि गावातल्या एका पोराला व्होल्टमीटर धरायला शिकवायचा खर्च बाजूला ठेवा. बिलांचे फोटो टाका. दुकानाचं नाव, तारीख, रक्कम दिसेल असे. पावती मागणाऱ्याला पावती द्या, तो वाघाचा शत्रू नाही.

आणि ग्रुपच्या ॲडमिनभाऊ, तुमच्याशी वेगळं बोलायचंय. मागल्या वर्षीच्या तुमच्या मोहिमेतून चार झटका मशीन लागली, फोटो मी पाहिलेत, तुम्ही चारही फोटोंत आहात. त्या चार बॅटऱ्यांत शेवटचं डिस्टिल्ड वॉटर कुणी टाकलं आणि कधी, तेवढं ग्रुपवर लिहा. मला ग्रुपमध्ये परत घ्यायची गरज नाही, कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच.