सहा महिन्यांच्या उपग्रहाला लॅच-अपची चाचणी कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची हरकत थोडक्यात अशी: कॉलेजचा क्यूबसॅट (हातात मावणारा छोटा घनाकार उपग्रह) जेमतेम सहा महिने चालायचा. त्यासाठी प्रत्येक पार्टचे ११ नग किरणोत्सार सोसतात का ते पाहायला गॅमा स्रोतात घालायला सांगणं म्हणजे मुलांना पळवून लावणं. ऑटोमोटिव्ह ग्रेडचे (मोटारींसाठी तपासलेले) पार्ट घ्यावेत, थर्मोव्हॅक (निर्वातात गरम-थंड करून पाहणं) आणि व्हायब्रेशन चाचणी उरकावी, बास. मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरात मोबाइलचा प्रोसेसर चाललाच की!

११ नगांबाबत तुमचं बरोबर आहे. पाच नग वीज देऊन, पाच न देता आणि एक तुलनेला, हा हिशेब मोठ्या उपग्रहांचा. ५०० किमीवर, दोनेक मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या आड, सहा महिन्यांत साठणारा किरणोत्साराचा डोस एखाद्या किलोरॅडच्या (रॅड हे डोसचं एकक) आसपास असतो आणि बहुतेक पार्ट तो पचवतात. मूळ लेखात मी हळूहळू साठणारा डोस आणि एकाच कणाने चिपमध्ये शॉर्टसर्किटसारखी वाट उघडणारा लॅच-अप एकाच तराजूत टाकले, ती चूक माझी. मिशन काही वर्षांचं असेल तर मात्र बायपोलर ट्रान्झिस्टरवर चालणारे रेग्युलेटर आणि ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या चिप) वेगळे काढा, ते संथ डोसमध्ये जास्त बिघडतात. वाशीच्या ब्रिट या किरणोत्सार तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेचा गॅमा चेंबर ताज्या स्रोतावर १० किलोरॅड मिनिटभरात देतो. तोच डोस सेकंदाला १० मिलिरॅडने द्यायचा तर साडेअकरा दिवस लागतात.

लॅच-अपला मात्र सूट नाही. सीमॉस चिपच्या रचनेतच एक नको असलेला थायरिस्टर (एकदा चालू झाला की चालूच राहणारा स्विच) दडलेला असतो. जड आयन आरपार गेला की तो चालू होतो आणि सप्लायपासून ग्राउंडपर्यंत वाट मोकळी होते. वीज तोडेपर्यंत ती बंद होत नाही, आणि हे पहिल्या दिवशीही घडू शकतं. ऑटोमोटिव्ह ग्रेड उष्णता, दमटपणा, तापमानाचे फेरे तपासतो, आयन नाही. डेटाशीटमधलं ‘लॅच-अप १०० मिलिअँपियर’ वाचून फसू नका. ती पिनमध्ये करंट ढकलून केलेली चाचणी असते.

इन्जेन्युइटीचा स्नॅपड्रॅगन ८०१ चालला, ७२ उड्डाणं झाली, खरं. पण बिघाडावर नजर ठेवायला सोबत किरणोत्सार सोसणारा एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) होता, हे प्रतिक्रियेत राहून गेलं.

‘करंट लिमिटर लावला की झालं’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. समजा बोर्ड एरवी ४० मिलिअँपियर घेतो, रेडिओ चालू असताना ३००, म्हणून मर्यादा ४०० ला लावली. एखाद्या सेन्सरने लॅच होऊन ६० जास्त ओढले, तर एकूण १००. लिमिटरला पत्ताच नाही, आणि तिथे हवा नसल्याने चिप तापतच राहते. म्हणून संशयित चिपला तिचीच वीज तोडणारा स्वतंत्र लोड स्विच हवा. तोही पुरत नाही: सप्लाय तोडला तरी मायक्रोकंट्रोलरची एसपीआय किंवा यूएआरटी लाइन (डेटाची तार) हाय असेल, तर पिनच्या संरक्षक डायोडमधून वीज आत झिरपते, रेल (चिपला वीज देणारी वाहिनी) शून्यावर येत नाही आणि लॅच टिकून राहू शकतो. आधी सगळ्या लाइन्स लो करा, मग स्विच बंद, मग अर्धा सेकंद थांबा. स्विच आउटपुट डिस्चार्ज असलेला, म्हणजे बंद होताच रेलवरची उरलेली वीज ग्राउंडला सोडणाराच घ्या. टेबलावर मल्टिमीटर लावून पाहा: सप्लाय बंद असताना रेलवर दीड-दोन व्होल्ट दिसले, तर लिमिटर नावापुरताच आहे.

चाचणीतले जड आयन प्लास्टिकच्या आत पोहोचत नाहीत, पण त्यासाठी ४० प्रकारचे पार्ट एकेक करून ॲसिडने उघडणं परवडत नाही, हे मान्य. मग अख्खा बोर्ड २०० एमईव्ही प्रोटॉनच्या झोतात धरावा. प्रोटॉन प्लास्टिक आरपार भेदतो. परदेशात काही कर्करोग उपचार केंद्रं सुटीच्या दिवशी यासाठी वेळ देतात. चौरस सेंटिमीटरला हजार कोटी प्रोटॉन दिले, तर डोस ६०० रॅडच्या आत राहतो. चाचणी गरम बोर्डवर आणि कमाल व्होल्टेजवर घ्या. खोलीच्या तापमानाला, ३.३ व्होल्टवर पास झालेली चिप ८५ अंशांना लॅच होऊ शकते.

पण प्रोटॉनमुळे सिलिकॉनमध्ये उडणाऱ्या कणांचा एलईटी (कण वाटेत किती ऊर्जा सोडतो त्याचं माप) साधारण १५ एमईव्ही·सेमी²/मिग्रॅ पर्यंतच जातो. पीएसएलव्हीवरून बरेच विद्यार्थी उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत जातात, सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ही तसेच गेले. ही कक्षा ध्रुवांवरून जाते, तिथे याहून मोठ्या एलईटीचे जड आयन जास्त. म्हणून जी चिप गेली की उपग्रहच गेला, अशा दोन-तीन चिप उघडून दिल्लीच्या आययूएसी किंवा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांमधल्या पेलेट्रॉनसारख्या (आयनांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) सोयीवर न्या.

चाचणीचे आणि उड्डाणाचे नग एकाच रीलवरून काढा. डेट कोड एक असूनही आत दोन वेफर लॉट (सिलिकॉनच्या वेगळ्या खेपा) निघतात, तेव्हा एक-दोन नग जास्त उघडून डायवरची (आतल्या सिलिकॉनच्या तुकड्यावरची) अक्षरं सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून घ्या.