‘ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसावं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुमचं कुठं बरोबर आहे ते बघितलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेआधी मी लिहिलं होतं, की २०२२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला कोरोनाच्या मास्कची सक्ती उठली असली तरी वडापमध्ये (माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीत), दवाखान्यात आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाताना तो लावा. त्यावर तुम्ही म्हणता : दोन वर्षं धंदा बसला, आता कुठं चार पैसे दिसायला लागलेत, तर तुमच्यासारखे पगारी लोक परत घाबरवायला लागले. लसी झाल्यात. ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसावं.

पगारीचं खरं आहे. माझा एकही पगार चुकला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना मी कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरचा एक फोटो टाकून ‘यांना अक्कल कधी येणार’ असं लिहिलं होतं. फोटोत एकजण अर्ध्या शटरखालून गिऱ्हाईक करत होता. त्याच्या घरात त्या दिवशी काय शिजलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. ते लिहिणं चुकलंच. डोंगरावरच्या मोकळ्या हवेतल्या गर्दीपेक्षा काचा लावलेल्या वडापमध्ये दहा माणसं कोंबून जाणं जास्त धोक्याचं, हे तुमचं म्हणणंही बरोबर आहे. मी दोन्ही एकाच मापानं मोजलं होतं.

अडतं ते ‘घरी बसावं’पाशी.

माझ्या आत्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दरवेळी चार तास. तिनं घरी बसायचं म्हणजे काय करायचं? दोन पाळ्या चुकल्या की पायावर सूज, तिसऱ्या दिवशी धाप. दिवसाचं पाणी ती एका स्टीलच्या तांब्यात मोजून ठेवते आणि संध्याकाळी तांब्यात घोटभर उरलं असेल तर पोराला दाखवते, जिंकल्यासारखं. सकाळी सहाच्या पाळीला मी तिला घेऊन जातो. बाहेर बाकड्यावर सात-आठजण असतात, सगळ्यांची तीच गत. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तिथं कुणाचा तरी नातेवाईक खोकत बसला होता, मास्क खिशात. मी म्हटलं, जरा लावता का? तो म्हणाला, “आता सरकारनंच काढलाय की ओ.” भांडायला आला नव्हता बिचारा, खरंच तसं वाटत होतं त्याला. आत्या काही बोलली नाही. उठली, फिस्टुलाचा (डायलिसिसची सुई टोचायला नसा जोडून केलेल्या जागेचा) हात दुसऱ्या हातानं सांभाळत लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली. पंखा तिकडं नव्हता.

आता लसींचं. आत्याचे तिन्ही डोस झालेत. ६० वर्षांवरच्या आजारी माणसांना २०२२ च्या जानेवारीपासून तिसरा मिळायला लागला, तिनं फेब्रुवारीत घेतला. पण किडनीच्या पेशंटच्या अंगात लस आपल्याइतकी धरत नाही. किडनी बदललेल्यांचं तर आणखी अवघड, कारण शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्याच त्यांना जन्मभर घ्याव्या लागतात. कॅन्सरची केमो चालू असलेल्यांचंही तसंच. ही माणसं भित्री नाहीत, दादा. त्यांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलंय. उरलंय ते खोकणाऱ्याच्या हातात आहे. मास्क खोकणाऱ्याच्या तोंडावर असला तर जितका उपयोगी पडतो, तितका समोरच्यानं एकट्यानं लावून पडत नाही.

इथं शाहू महाराजांचं नाव घेऊन तुम्हाला गप्प करता आलं असतं. आपल्याकडं तो सोपा मार्ग आहे, म्हणून टाळतो. त्यापेक्षा २०२१ च्या जुलैतला पूर आठवा. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून वर गेली, तेव्हा नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना ‘पाण्याची भीती वाटते तर माळ्यावर बसा’ असं कुणी म्हणालं नाही. तुम्हीही म्हणाला नसता. (नदीकाठी घरं बांधलीच कशाला, असं विचारणारे असतात, पण ते पाणी उतरल्यावर.) तेव्हा तर कोरोनाही जोरात होता. तरी पोरं नावेत बसली.

दुकान बंद करा, यात्रा थांबवा, असं मी आताही म्हणत नाही. मागणी एवढीच आहे, की घसा धरलाय, अंग तापलंय तर चार दिवस म्हाताऱ्यांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी जाऊ नका. जावंच लागलं तर तोंड झाका, आणि आधी फोन करून सांगा, म्हणजे नको म्हणायचं त्यांना सोपं जातं. तुमचं गिऱ्हाईक यानं एकही कमी होत नाही. आत्याला आणणारे-नेणारे रिक्षावाले मामा धंदेवाईकच आहेत, त्यांचाही हप्ता थकलाय. मागच्या महिन्यात सर्दी झाली तेव्हा पहाटे साडेपाचला फोन करून म्हणाले, “आज माझी गाडी नको, भाच्याला लावून देतो.” भाडं भाच्याला गेलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

तुमच्या आईंना साखर आहे आणि दोन वर्षांत काही झालं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. वाचून बरं वाटलं. पण ते तुम्ही त्यांना जपलंत म्हणून झालं असणार. तुमच्या प्रतिक्रियेतला राग बघता, त्यांच्यासमोर खोकणाऱ्या पाहुण्याला तुम्ही उंबऱ्याच्या आत घेतलं असेल असं मला वाटत नाही.

शनिवारी यात्रेला मीही गेलो होतो. दोन वर्षांनी जोतिबाच्या उंच सासनकाठ्या नाचताना बघितल्या, डोळे भरून आले. परत येताना घसा खवखवत होता. ‘चांगभलं’ ओरडून असेल नाहीतर दुसरं काही. आत्याच्या दाराच्या कडीला प्रसादाची पिशवी अडकवली आणि मागं फिरलो. ती खिडकीतून ओरडली, “गुलाल तरी लावून जायचास की रे!”