सेकंदाला १,१०,००० लहरी? गायत्री मंत्राच्या फॉरवर्डला एका साउंडवाल्याचं उत्तर

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायलाय. गेल्या पाच-सहा वर्षांत मला तो मराठीत आलाय, हिंदीत आलाय, चिकोडीकडच्या एका मित्राकडून कन्नडमध्ये पण आलाय, म्हणजे सीमाप्रश्नावर एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं या एका फॉरवर्डवर मात्र एक आहेत, तेवढंच बरं वाटलं. मेसेज असा: एका अमेरिकन शास्त्रज्ञाने जगातले सगळे मंत्र लॅबमध्ये तपासले, गायत्री मंत्रातून सेकंदाला १,१०,००० ध्वनिलहरी निघतात, सगळ्यात जास्त. मंत्राची २४ अक्षरं शरीरातल्या २४ ग्रंथी जाग्या करतात. नासाला सूर्यातून ॐ ऐकू आलाय. बायकांनी म्हटला तर शरीराला अपाय होतो. आणि शेवटी, मोठ्या आवाजात लावला की लहरी जिथपर्यंत जातील तिथपर्यंतची हवा शुद्ध होते.

या शेवटच्या ओळीवरून मंडळातल्या दोघा-तिघांच्या डोक्यात आलं की श्रावणभर पहाटे पाचला गल्लीत हॉर्न, म्हणजे लाउडस्पीकरचे भोंगे, लावायचे, आणि हॉर्न माझ्याकडून, कारण माझा साउंडचा धंदा. म्हणून हे लिहायलोय. मंत्राविरुद्ध नाही हं, मी स्वतः सकाळी म्हणतो.

पहिलं ते लहरींचं, कारण ती माझी लाईन आहे. सेकंदाला किती लहरी म्हणजे आम्ही ज्याला हर्ट्झ म्हणतो तेच. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, वय झालं की वरचं आणखी कमी होत जातं. बोलताना गड्याच्या आवाजाचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास, बाईचा दोनशेच्या. स, श असली अक्षरं आली की त्यात वरचा सरसर भाग येतो, तो वरचा भाग आम्ही मिक्सरवर कापतो. पण १,१०,००० हर्ट्झ माणसाच्या गळ्यातून? ते वटवाघळांचं काम, त्यातल्या पण काही जातींचंच. आमच्या खानापूरला भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहेत दुर्मिळ वटवाघळं आहेत, पण त्यांनी गायत्री म्हटल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. बरं, समजा निघाल्याच लहरी, तर रेकॉर्डिंगमध्ये येणार कशा? सीडीला सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या नोंदी, असतात, आणि एका लहरीला निदान दोन लागतात, म्हणजे २२ हजाराच्या वरचं त्यात बसतच नाही, एमपीथ्रीत त्याहून कमी, आणि माझे हॉर्न तर सात-आठ हजारालाच दम टाकतात. आणि जास्त लहरी म्हणजे जास्त पवित्र हे कुणी ठरवलं? तसं असेल तर कुत्र्याला बोलवायची शिट्टी कुठल्याही मंत्राच्या पुढे जाईल.

आता २४ अक्षरं. हे मी आमच्या गल्लीतल्या भटजीकाकांजवळ बसून बोटांवर मोजलंय, तुम्ही पण मोजा. तत्सवितुर्वरेण्यं, सात. भर्गो देवस्य धीमहि, आठ. धियो यो नः प्रचोदयात्, आठ. झाली किती? तेवीस. गायत्री छंदाला आठाचे तीन चरण म्हणजे २४ लागतात, इथं एक कमी पडतं, म्हणून जाणकार याला निचृद् गायत्री म्हणतात आणि छंद भरायला वरेण्यं चं वरेणियं असं मोजतात. मग ती चोविसावी ग्रंथी कुठल्या अक्षराने जागी व्हायची? आणि ॐ भूर्भुवः स्वः धरलं तर आकडा २४ च्या पुढे जातो, तो भाग मूळ ऋचेतला नाहीच. ऋग्वेदात तिसऱ्या मंडलातल्या ६२ व्या सूक्ताची ही दहावी ऋचा, ऋषी विश्वामित्र, देवता सविता. आणि गायत्री हे नाव मुळात छंदाचं. गीतेत पण छंदांमध्ये मी गायत्री असंच म्हटलंय. कॅलेंडरवरची कमळात बसलेली पाच तोंडांची देवी खूप नंतरची.

काकांनी अर्थ सांगितला तो कुठल्याच फॉरवर्डमध्ये मला धड सापडला नाही. सविता म्हणजे चालना देणारा, सू या धातूवरून. त्या सवित्याचं ते श्रेष्ठ तेज आम्ही ध्यानात धरू या, आणि तो आमच्या बुद्धीला चालना देवो. झालं, एवढंच. यात पैसा मागितलेला नाही, आरोग्य नाही, ग्रंथी तर नाहीतच. आणि नः म्हणजे आमच्या, माझ्या नव्हे. मी तीस वर्षं म्हणत होतो आणि हे मला माहीत नव्हतं, खरं सांगायला लाज कसली. बुद्धीला चालना मागणारा मंत्र आणि तो आपण न वाचता पंचवीस जणांना पुढं ढकलायचा!

नासाचं लवकर उरकतो. अवकाशात हवा नाही, आवाज येणार कुठून. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो, ते सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो यानावरच्या यंत्राने टिपलं, आणि कानाला ऐकू यावं म्हणून शास्त्रज्ञांनी ती नोंद ४२,००० पट वेगाने पळवली. जो घूं घूं असा आवाज आला त्यात ॐ ऐकायचा तर ऐका, मला विचाराल तर तो ग्राउंडिंग सुटलेल्या अ‍ॅम्पसारखा आहे.

बायकांचं मात्र लवकर उरकणार नाही, कारण याच्यावरून आमच्या ताईला तिच्या सासरी पहिल्याच वर्षी ऐकून घ्यावं लागलं होतं. मंत्र म्हणताना शरीरात काय होतं? श्वास, गळा, जीभ, ओठ. पुरुषाचं वेगळं आणि बाईचं वेगळं असं त्यात काय आहे? आणि शास्त्राचंच नाव घ्यायचं तर ऋग्वेदातच घोषा, लोपामुद्रा, अपाला यांच्या नावावर ऋचा आहेत. रचायला चालतं आणि म्हणायला चालत नाही? खरी गोष्ट अशी की बंदी फक्त बायकांना नव्हती. मुंजीत सावित्री, म्हणजे सवित्याचा मंत्र, कुणाला कुठली द्यायची याचे गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत, भाग पाडलेले, ब्राह्मणाला गायत्री छंदातली, क्षत्रियाला त्रिष्टुभ, वैश्याला जगती, आणि उरलेल्यांना काहीच नाही. कोल्हापूर आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, तिथं १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी भटजी वेदोक्त, म्हणजे वेदातले, सोडून शूद्रांसाठीचे पुराणोक्त, म्हणजे पुराणातले, मंत्र म्हणत होता, त्यावरून केवढं वेदोक्त प्रकरण पेटलं. छत्रपतींना जो नकार दिला गेला तो मराठ्याच्या पोरांनी आता उलट ताईला द्यायचा, आणि वर शरीराला अपाय म्हणून डॉक्टरकीचा रंग फासायचा, हे काय मला पटत नाही बघा.

आता ते मोठ्या आवाजाचं. इथं तर फॉरवर्डवाल्याने परंपरेलाच उलटं टांगलंय. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जपाची पायरी सांगितलीय: यज्ञापेक्षा जप दहापट, शेजारच्याला ऐकू येणार नाही असा ओठांतला जप, ज्याला उपांशु म्हणतात, तो शंभरपट, आणि नुसता मनातला हजारपट. मनुस्मृतीतलं सगळं मी मानत नाही, वरच्या परिच्छेदावरून कळलं असेलच, पण तिचाच दाखला देणारे या श्लोकाबद्दल गप्प का? मनातल्या जपाला लहरी किती? शून्य. ना हॉर्न, ना हर्ट्झ. म्हणजे ज्याला जुन्या लोकांनी सगळ्यात वरची पायरी दिली त्याला या मेसेजच्या हिशोबाने काहीच मार्क नाहीत.

आमची आजी माळकरी होती. रामकृष्णहरी, तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून मिळालेला तोच मंत्र, तिला ना मुंज लागली ना सोवळं. शेंगा फोडत बसलेली असायची आणि ओठ नुसते हलायचे. शेंगांचा आवाज यायचा, मंत्राचा नाही.

मग जपाने काहीच होत नाही का, तर होतं, आणि त्याच्यावर खरा अभ्यास पण आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांचा आला, २३ निरोगी माणसांवर. लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिश्चनांच्या जपमाळेची, आव्हे मारीया ही प्रार्थना किंवा ॐ मणि पद्मे हुं म्हणायला लावलं की श्वास संथ होऊन मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि हृदय आणि रक्तदाबाचा ताळमेळ सुधारतो. गंमत बघा, आव्हे मारीया आणि बौद्ध मंत्र, दोघांचा परिणाम जवळजवळ तोच, कारण दोन्हींची एक फेरी साधारण एका श्वासाएवढी. म्हणजे आमच्या ओळखीच्या कॅम्पातल्या मावशी रोझरीचे मणी ओढतात आणि आजी तुळशीचे ओढायची, छातीत दोघींच्या एकच चाललेलं. २३ माणसं काय फार नाहीत, आणि त्याने ग्रंथी जागतात असं त्यांनी कुठं म्हटलेलं नाही. पण एवढं खरं असताना खोटा अमेरिकन कशाला लागतो मला कळत नाही. १०८ झाले नाहीत तर फुकट असं पण कुणी कुणी म्हणायलेत, संध्येत वेळ नसेल त्याला १० चालतात, २८ चालतात, भटजीकाकांना विचारा.

तर मंडळाच्या पोरांनो, हॉर्नचं असं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावायचा नाही, हा २००० सालचा नियम आहे, आणि दिवसा पण लेखी परवानगी लागते, वस्तीत ५५ डेसिबलच्या वर जायचं नाही. माझे दोन हॉर्न नुसते चालू केले तरी ते ओलांडतात. कोपऱ्यावरच्या घरात तान्हं बाळ आहे, समोर दहावीची पोरगी. सहानंतर परवानगीचा कागद घेऊन या, एक छोटा बॉक्स देतो, भाडं नेहमीचंच, अ‍ॅडव्हान्स अर्धा. वायर मात्र या वेळी मोजून परत करा, गणपतीत तीस फूट कमी आली होती.